बारोलोच्या टेकड्यांत तीन दिवस: कुठे जेवायचं, वाईन कशी चाखायची, काय बघायचं

गेली काही वर्षं मी नोकरीनिमित्त तोरिनोत राहतेय आणि पुण्याकोल्हापूरहून जे कोणी घरी येतात त्यांना रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस झाल्यावर हातात दोनतीन दिवस उरले असतील तर मी सरळ लांगेला घेऊन जाते. लांगे म्हणजे पिएमोन्ते राज्यातला, तोरिनोच्या दक्षिणेला गाडीने साधारण तासाभरावरचा टेकड्यांचा भाग. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एक गाव, गावात एक किल्ला नाहीतर चर्चचा मनोरा, आणि खाली उतारभर भांग पाडून विंचरल्यासारख्या द्राक्षांच्या ओळी. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाईन इथल्याच, आणि त्या गावांच्याच नावाने ओळखल्या जातात. २०१४ साली युनेस्कोने लांगे, शेजारचं रोएरो आणि मोन्फेर्रातो इथल्या द्राक्षबागांना जागतिक वारसा यादीत घेतलं.

सगळ्यात आधी एक सांगते, कारण पुढचा सगळा प्लॅन त्यावरच उभा आहे. इथली वाईन ताटासोबत कळते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळी अकरा वाजता, नाश्ता न करता, एका वायनरीच्या तळघरात उभ्या उभ्या चार बारोलो चाखल्या आणि मला एकही आवडली नाही, तोंड असं आवळलं की कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. त्याच रात्री एका छोट्या खाणावळीत लोणी आणि सेजच्या पानांतल्या तायारिनबरोबर, म्हणजे इथल्या बारीक पास्त्याबरोबर, तीच वाईन परत घेतली आणि तो तुरटपणा कुठे गेला कळलंच नाही, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्यांसारखा वास यायला लागला. म्हणून दिवसाची आखणी जेवणाभोवती करा, तळघरांभोवती नको. दिवसाला दोन तळघरं पुष्कळ झाली, तिसऱ्यात जीभ काही सांगत नाही.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. मेमध्ये टेकड्या हिरव्यागार असतात, गर्दी कमी, आणि वाईन बनवणाऱ्या लोकांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो, हे फार महत्त्वाचं. ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी-तांबडी होतात, पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या सुवासिक बुरशीचा, हंगाम सुरू होतो, पण हॉटेलचे भाव चढतात आणि टेबल मिळवायला महिनामहिना आधी फोन करावा लागतो. नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यात तोच हंगाम असतो, इथे मात्र तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला असते. आधी दोल्चेत्तो, मग बार्बेरा, आणि सगळ्यात शेवटी नेब्बिओलो, जिच्यापासून बारोलो बनते. या द्राक्षाचं नाव ‘नेब्बिया’ म्हणजे धुक्यावरून आलं असं बरेचजण सांगतात, आणि नोव्हेंबरच्या सकाळी खोऱ्यात साचलेल्या दाट धुक्यातून फक्त गावांचे मनोरे वर आलेले बघितले की ते पटतं.

ऐन तोडणीच्या आठवड्यात छोट्या तळघरांकडे जायचा आग्रह धरू नका, घरातलं लहानमोठं सगळं माणूस बागेत असतं. जानेवारी-फेब्रुवारीत निम्म्या खाणावळी बंद असतात, आणि १५ ऑगस्टच्या आसपास इटली सुट्टीवर असते. हे दोन काळ टाळा.

राहायचं कुठे, फिरायचं कसं

गाडी चालवणार नसाल तर आल्बा शहरात राहा. तोरिनोहून आल्बाला लोकल ट्रेन आहे, ब्रा गावावरून जाते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. आल्बात रात्री जेवून पायी खोलीवर परत येता येतं, शनिवारी सकाळी जुन्या शहरभर बाजार भरतो. गाडी असेल तर ला मोर्रा, मोन्फोर्ते किंवा नेइवेसारख्या गावात नाहीतर बागेतल्याच एखाद्या आग्रितुरिस्मोमध्ये राहा. आग्रितुरिस्मो म्हणजे शेतकऱ्याच्या घरातलं राहणं, आपल्या कृषी पर्यटनासारखं. सकाळी खिडकी उघडली की समोर द्राक्षं, आणि नाश्त्याला घरचा हेझलनटचा केक.

बारोलो गावापर्यंत ट्रेन जात नाही. बस आहेत पण कमी, आणि रविवारी तर त्यांच्या भरवशावर राहूच नका. म्हणून तीन पर्याय राहतात: भाड्याची गाडी, आधी ठरवलेली टॅक्सी, किंवा इलेक्ट्रिक सायकल. गाडी घेणार असाल तर भारतातल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा. आणि इथे दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, ज्यांचं लायसन्स तीन वर्षांपेक्षा नवं आहे त्यांना तर शून्य. तीन ग्लास चाखले की बऱ्याच जणांची ती मर्यादा गाठली जाते. रस्ते अरुंद, वळणांचे, रात्री दिवे नसतात. आमच्यात ठरलेलं असतं, एक दिवस एकजण वाईन नुसती चाखून थुंकणार आणि गाडी चालवणार, दुसऱ्या दिवशी दुसरा. सगळ्यांनाच चाखायचं असेल तर दिवसभराची टॅक्सी करा, चौघांत वाटून घेतली की परवडते, पण ती आदल्या आठवड्यातच ठरवावी लागते कारण गावात उभं राहून हात केल्याने टॅक्सी मिळत नाही.

अजून एक, जुन्या शहरांत ‘झेड-टी-एल’ लिहिलेली पाटी दिसली की आत गाडी घालू नका. तिथे फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी तीनचार महिन्यांनी घरी येते. आमच्याकडे एकदा आलीये. गाडी बाहेरच्या पार्किंगला लावून पाच मिनिटं चाला.

बुकिंग करताना

मोठ्या वायनरीच्या वेबसाईटवर स्लॉट दिसतात, ते सोपं आहे. छोट्यांना ईमेल करा, इंग्लिशमध्ये चालतं, किती जण, कोणती तारीख, किती वाजता, एवढंच लिहा. दोनतीन आठवडे आधी केलेलं बरं. चाखायचे पैसे द्यावे लागतात, साधारण माणशी २० ते ४० युरो धरून चला, काही ठिकाणी बाटल्या घेतल्या की त्यातून वजा करतात. एक भेट दीड तासाची धरा आणि दोन भेटींमध्ये जेवण येईल असं बसवा: सकाळी साडेदहा, मग जेवण, मग साडेतीन. यायला जमत नसेल तर फोन करून कळवा, कारण छोट्या घरांत तुमच्यासाठी बागेतलं काम सोडून कोणीतरी थांबलेलं असतं.

खाणावळीचं वेळापत्रक कडक आहे. दुपारी साडेबारा ते दोन, रात्री साडेसात-आठ ते साडेनऊ. पहिल्या वेळी आम्ही अडीच वाजता पोचलो, स्वयंपाकघर बंद झालेलं, आणि चार माणसं बिस्किटांवर संध्याकाळपर्यंत राहिलो. आठवड्यातून एक-दोन दिवस प्रत्येक खाणावळ बंद असते आणि तो दिवस प्रत्येकाचा वेगळा, तेव्हा फोन केल्याशिवाय निघू नका. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोनतीन युरो लावलेले असतात, ते ब्रेड आणि टेबलाचे, त्यात चूक काही नाही.

पहिला दिवस: ला मोर्रा, मग बारोलो

सकाळी ला मोर्राला जा, सगळ्यात आधी किल्ल्याच्या चौकातल्या बेल्वेदेरेवर, म्हणजे व्ह्यू पॉइंटवर. इथून बारोलोचा सगळा प्रदेश नकाशासारखा खाली पसरलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर मागे बर्फाचे आल्प्स. दहा मिनिटं फक्त बघा आणि मनात एक रेघ मारा, कारण पुढची सगळी चाखणी त्या रेघेवर समजते. बारोलो बनवायला परवानगी असलेली गावं एकूण ११ आहेत. ला मोर्रा आणि बारोलो या पश्चिमेच्या बाजूची माती जरा नवी, निळसर चुनखडी-चिकणमाती, तिथली वाईन तुलनेने मऊ, सुवासिक, लवकर पिण्याजोगी. पूर्वेकडच्या सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेची माती जुनी, जास्त घट्ट, तिथली वाईन कणखर, तिला वर्षं द्यावी लागतात. हे ढोबळ आहे, अपवाद भरपूर, पण पहिल्या भेटीला एवढं पुरतं. एका दिवसात ला मोर्राची एक आणि दुसऱ्या दिवशी सेर्रालुंगाची एक चाखलीत तर फरक तुम्हालाच सांगता येईल, पुस्तक लागणार नाही.

ला मोर्रातून बारोलोपर्यंत बागांतून पायवाट आहे, उताराची, रमतगमत दोन तास. वाटेत ब्रुनाते बागेत ‘बारोलोचं चॅपल’ लागतं. १९१४ सालचं हे चॅपल, पावसात-गारपिटीत बागेतल्या मजुरांना आडोसा म्हणून बांधलेलं, कधी प्रार्थनेसाठी वापरलंच गेलं नाही. पडायला आलेलं ते १९९९ मध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या दोन चित्रकारांनी रंगवलं, बाहेरून लाल-पिवळ्या-निळ्या पट्ट्या आणि आत शांत मातकट रंग. माझ्या आईला तीन दिवसांत सगळ्यात जास्त हेच आवडलं. तिथून वळसा घेऊन गेलात तर मोन्फालेत्तोच्या टेकडीवर १८५६ साली लावलेलं लेबनॉन सीडरचं झाड दिसतं, इतकं प्रचंड की मैलोन्मैल लांबून ओळखू येतं.

बारोलो गाव छोटं आहे, अर्ध्या तासात पायाखालून जातं. किल्ल्यात वाईनचं म्युझियम आहे, वीमू, गच्चीवरून सुरू होऊन खाली खाली उतरत जायचं. मुलं सोबत असतील तर नक्की जा कारण ते हलतंबोलतं आहे, बाटल्या मांडून ठेवल्यात असं नाही. किल्ल्याच्याच तळघरात प्रदेशाची सरकारमान्य एनोतेका आहे, जिथे वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या निर्मात्यांच्या बारोलो थोड्याथोड्या करून चाखता येतात. अपॉइंटमेंट नसलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगली सोय नाही. जवळच कॉर्कस्क्रूचंही म्युझियम आहे, पाच मिनिटं असतील तर डोकवा, नसतील तर सोडा.

जेवायला ला मोर्रातलं ‘मोरे ए माचिने’ मला परत परत जावंसं वाटतं, साधं, गजबजलेलं, वाईनची यादी मोठी आणि भाव माणसात.

दुसरा दिवस: सेर्रालुंगा

सेर्रालुंगा दाल्बाचा चौदाव्या शतकातला उंच, अरुंद किल्ला गाईडसोबतच बघता येतो. गावाखाली फोन्तानाफ्रेद्दा आहे, राजा व्हित्तोरिओ एमान्वेले दुसरा याने आपल्या प्रिय रोझा व्हेर्चेल्लानासाठी घेतलेली इस्टेट, पट्ट्यापट्ट्यांच्या इमारती अजून तशाच. मोठी जागा आहे, पहिल्यांदा वाईन बघणाऱ्यांना तळघराचा आवाका कळायला चांगली. पण एक मोठं बघितलंत तर दुसरं घरगुती बघाच, जिथे वाईन बनवणारा माणूस किंवा बाई स्वतः ग्लास भरते.

तळघरात गेल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: मोठं लाकडी पिंप की छोटं? पारंपरिक लोक बारोलो हजारो लिटरच्या जुन्या ओकच्या पिंपांत मुरवतात, ज्यात लाकडाचा वास वाईनमध्ये फारसा उतरत नाही. १९८० च्या दशकात काही तरुण निर्मात्यांनी फ्रान्ससारखी २२५ लिटरची छोटी नवी पिंपं आणली, वाईन लवकर मऊ झाली, परदेशात खपली, आणि घराघरांत बापलेकांची भांडणं झाली. ला मोर्राच्या एलिओ आल्तारेने तर वडिलांची जुनी पिंपं चेनसॉने कापली, ही गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. आता वाद निवळलाय, बरेचजण मधल्या वाटेवर आहेत, पण हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस खुलून बोलायला लागतो.

नियमाप्रमाणे बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. रिझेर्व्हा लिहायचं असेल तर ६२ महिने. बार्बारेस्कोला २६ महिने, त्यातले ९ लाकडात. म्हणजे आज तुम्ही विकत घेताय ती बाटली बनवणाऱ्याने तीनचार वर्षं पैसे अडकवून ठेवलेत. लेबलवर गावाच्या किंवा निर्मात्याच्या नावाशिवाय कान्नूबी, ब्रुनाते, बुसिया असं एखादं नाव दिसलं तर ते बागेचं नाव, एकाच उताराची द्राक्षं. बारोलोत बागांची अशी १७० नावं अधिकृत आहेत, सगळी पाठ करायची गरज नाही.

चाखायचं कसं, अगदी थोडक्यात. आधी रंग बघा, नेब्बिओलोचा रंग फिका, विटकरी कडेचा असतो, फिका आहे म्हणून वाईन हलकी असेल असं समजू नका. मग ग्लास फिरवून नाक घाला. मग छोटा घोट, तोंडभर फिरवा, आणि पिकदाणी ठेवलेली असते त्यात थुंका. थुंकण्यात अपमान नाही, उलट जाणकार आला असं समजतात. मध्ये मध्ये ग्रिस्सिनी, म्हणजे तोरिनोच्या कुरकुरीत ब्रेडच्या काड्या खात राहा. परफ्यूम लावून जाऊ नका, शेजारच्याचंही नाक बिघडतं.

जेवायला सेर्रालुंगातलं ‘चेन्त्रो स्तोरिको’, किंवा महिनोन्महिने आधी नंबर लागला तर रोद्दीनो गावातलं ‘ओस्तेरिया दा जेम्मा’. तिथे निवड करायची नसते, ठरलेलं जेवण येत राहतं, ताटामागून ताट, आजीच्या घरी पंगतीला बसल्यासारखं. सकाळी पोट रिकामं ठेवून जा.

तिसरा दिवस: बार्बारेस्को, नेइवे आणि आल्बा

बार्बारेस्को आल्बापासून १० किलोमीटरच्या आसपास. गावाच्या टोकाला मध्ययुगीन मनोरा आहे, आत लिफ्ट, वरून तानारो नदीचं वळण दिसतं. वापरात नसलेल्या सान दोनातो चर्चमध्ये इथली एनोतेका आहे, वेदीच्या जागी बाटल्या.

आणि इथे आलात की ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’मध्ये जाच. ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ बघत मोठ्या झालेल्या आपल्या माणसांना हिची गोष्ट आतून कळते. १८९४ मध्ये दोमित्सिओ काव्हात्सा या आल्बाच्या वाईन-शाळेच्या मुख्याध्यापकाने शेतकऱ्यांना एकत्र आणून इथे पहिली सहकारी संस्था काढली, फॅसिस्ट काळात ती बंद पडली. १९५८ मध्ये गावच्या पाद्रीने १९ छोट्या शेतकऱ्यांना पुन्हा एकत्र केलं, कारण द्राक्षाला भाव नव्हता आणि पोरं गाव सोडून चालली होती. पहिल्या काही वर्षांची वाईन चर्चच्या तळघरात बनली. आज चांगल्या वर्षी ते नऊ वेगवेगळ्या बागांची नऊ रिझेर्व्हा काढतात, आणि त्या दर्जाच्या मानाने भाव अजून वाजवी आहेत. माझ्या मते पैशाच्या हिशोबात या भागातली सगळ्यात प्रामाणिक खरेदी हीच.

दुपारी तिथल्याच ‘आन्तिका तोर्रे’मध्ये तायारिन खा. नंतर नेइवे, दगडी गल्ल्यांचं देखणं गाव, कॉफीपुरतं थांबा. संध्याकाळ आल्बाची: व्हिया व्हित्तोरिओ एमान्वेले, जिला सगळे व्हिया माएस्त्रा म्हणतात, तिच्यावर सहाच्या सुमाराला अख्खं शहर फिरायला बाहेर पडलेलं असतं. हवेत कधी कधी भाजलेल्या हेझलनट-चॉकलेटचा वास येतो, कारण नुटेला बनवणारी फेर्रेरो कंपनी १९४६ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि कारखाना आजही इथे आहे. युद्धानंतर हा भाग फार गरीब होता, माणसं तोरिनोच्या मोटारीच्या कारखान्यात निघून जायची, तेव्हा फेर्रेरोने गावागावांत बस पाठवून कामगार आणले आणि शिफ्ट संपल्यावर परत सोडले, त्यामुळे लोकांना शेती सोडावी लागली नाही. ही टेकड्यांवरची आजची समृद्धी बघताना मला ते नेहमी आठवतं.

जेवायला चौकातल्या ‘ला पिओला’मध्ये जा, स्थानिक पदार्थ, नीटनेटके. त्याच इमारतीत वर ‘पियात्सा दुओमो’ आहे, एन्रिको क्रिप्पा यांचं तीन मिशेलिन स्टारचं रेस्टॉरंट. तिथे भाज्यांवर त्यांचं फार प्रेम आहे. खर्च मोठा आहे, आयुष्यातली एखादी खास तारीख असेल तर विचार करा.

काय मागवायचं

तायारिन म्हणजे शेवयांसारखा बारीक कापलेला पास्ता, किलोभर पिठात ३० किंवा त्याहूनही जास्त अंड्यांचे पिवळे बलक, त्यामुळे रंग हळदीसारखा. आन्योलोत्ती देल प्लिन म्हणजे नखाएवढ्या चिमटून बंद केलेल्या पुरचुंड्या, ‘प्लिन’ म्हणजेच चिमटा, आपल्या मोदकाच्या कळ्या करणाऱ्या हातांना ते काम बघून लगेच आपलेपणा वाटेल. आत भाजलेलं मांस असतं. ब्रासातो अल बारोलो म्हणजे वाईनमध्ये तासन्तास शिजवलेलं बीफ. बान्या काउदा म्हणजे लसूण, ऑलिव्ह तेल आणि अँकोव्ही मासा यांचं गरम बुडवण, थंडीत कच्च्या भाज्या त्यात बुडवून खातात. गोडात बुनेत, कोको आणि आमारेत्ती बिस्किटांचं पुडिंग, नाहीतर हेझलनटचा केक.

सोबत वाईन कोणती, तर रोज बारोलो नको. सुरुवातीच्या पदार्थांना रोएरोची पांढरी आर्नेइस किंवा दोल्चेत्तो. दोल्चेत्तोचा अर्थ ‘छोटी गोडुली’ असला तरी वाईन गोड नसते. पास्त्याला बार्बेरा, आंबटसर, तुपालोण्याच्या जेवणाला छान कापते. बारोलो मुख्य पदार्थाला. शेवटी मोस्कातो द’आस्ती, गोड, हलके बुडबुडे, अल्कोहोल फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, ज्यांना वाईन आवडत नाही असं वाटतं त्यांनाही ही आवडते. आणि थंडी असेल तर बारोलो किनातो मागा, सिंकोनाची साल आणि मसाले घातलेली, सेर्रालुंगाच्या काप्पेल्लानो घराण्यातल्या औषधवाल्याने एकोणिसाव्या शतकात काढलेली, काढ्याची आठवण करून देते.

बीफ न खाणाऱ्यांसाठी आणि शाकाहाऱ्यांसाठी

हे नीट वाचा, कारण इथलं स्वयंपाकघर गाई-वासराच्या मांसावर चालतं. ‘वितेल्लो’ म्हणजे वासरू, ‘मान्झो’ म्हणजे बीफ, ‘फास्सोना’ ही इथल्या गाईची जात, ‘कार्ने क्रूदा’ म्हणजे कच्चं बारीक चिरलेलं मांस. ब्रा गावचं प्रसिद्ध सॉसेजही मुख्यतः वासराचंच, कच्चं खातात. प्लिन बहुतेक वेळा मांसाचे, आणि रिसोत्तोत बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं. बुकिंग करतानाच सांगा: ‘सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दि कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस, मांसाचं पाणी, मासे नको. अंडं तर जवळजवळ प्रत्येक पास्त्यात आहे, आणि चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ, असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी तेही विचारावं.

माझी आई मांस खात नाही, वाईन घेत नाही, आणि तरी ती तीन दिवस आनंदात जेवली. लोणी-सेजचे तायारिन, कास्तेलमान्यो चीजमधली न्योक्की, भाज्यांचा फ्लान वर फोन्दूता म्हणजे वितळलेलं चीज, भाजलेल्या ढोबळी मिरच्या (अँकोव्हीशिवाय सांगून), चीजच्या ताटासोबत कुन्या. ही कुन्या आईला इतकी आवडली की दोन बरण्या पुण्याला गेल्या. द्राक्षाचा ताजा रस तासन्तास आटवून त्यात नाशपाती, क्विन्स, हेझलनट घालतात, काकवीसारखी दाट होते.

वाईन न पिणाऱ्यांना अजून बरंच आहे: क्रिस बँगल या मोटार डिझायनरने २०१० मध्ये क्लाव्हेसानात पहिला बांधला तसे अवाढव्य रंगीत बाक आता टेकड्यांवर जागोजागी आहेत, चढून बसलं की पाय लटकतात आणि आपण लहान मूल झाल्यासारखं वाटतं. ब्रा गावात स्थानिक, पारंपरिक अन्न जपणाऱ्या स्लो फूड चळवळीचं मुख्यालय आहे, ती सुरू करणारे कार्लो पेत्रिनी तिथलेच, आणि त्याच अंगणातल्या ‘बोक्कोन्दिव्हिनो’मध्ये जेवता येतं.

ट्रफल

पांढरा ट्रफल जमिनीखाली ओक, पॉप्लर, लिंडेनच्या मुळांशी आपोआप वाढतो, त्याची लागवड करून बाजार भरवता येत नाही, म्हणून एवढा महाग. शोधणारा तो ‘त्रिफोलाऊ’, सोबत शिकवलेला कुत्रा, आणि आपली जागा कोणाला कळू नये म्हणून बरेचजण रात्री निघतात. पर्यटकांसाठी दिवसा फेरी असते, ती घ्या, कुत्र्याचं काम बघण्यासारखं असतं.

आल्बात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत वीकएंडला ट्रफलची जत्रा भरते, तिकीट असतं, आणि आत तपासनीस बसलेले असतात जे तुम्ही घेताय तो माल बघून सांगतात. खाणावळीत ट्रफल मागवला तर तो तुमच्यासमोर आधी आणि नंतर वजन करून ग्रॅमवर लावतात, एका ताटाला ५ ते १० ग्रॅम पुरतो. ग्रॅमचा भाव आधी विचारा, विचारण्यात कोणालाही वाईट वाटत नाही. तो कधी शिजवत नाहीत, गरम तायारिनवर किंवा तळलेल्या अंड्यावर किसतात, बस. आणि दुकानातलं ‘ट्रफल ऑईल’ आठवण म्हणून आणू नका, बहुतेकांत वास प्रयोगशाळेतला असतो. त्यापेक्षा भाजलेले हेझलनट घ्या.

बाटल्या घरी नेताना

भारतात परतताना माणशी २ लिटर दारू ड्यूटीशिवाय नेता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेतच, मोजे आणि स्वेटरमध्ये गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. वायनरीत मागितलं तर फुगवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या देतात.

दोनच न्यायच्या तर कोणत्या? मी सांगते ती जोडी: एक लांगे नेब्बिओलो, तेच द्राक्ष पण कमी मुरवलेलं, स्वस्त, घरी पोचल्यावर महिन्याभरात मटणाच्या रश्शाऐवजी साध्या भाजलेल्या मटणासोबत उघडा, कारण तिखट जाळामध्ये तुरटपणा अजून टोचतो. आणि दुसरी तुम्हाला आवडलेल्या घरची बारोलो, पण ती ठेवायला जागा असेल तरच. पुण्यामुंबईच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फडताळात ती दोन वर्षांत खराब होते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आडवी, अंधारात ठेवा, फार वर्षं थांबू नका, आणि उघडायच्या दोनतीन तास आधी बुच काढून मोठ्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. पाहुणे यायच्या आधीच ओता, म्हणजे सगळे बसेपर्यंत घरात वास पसरलेला असतो.